हळदीची साक्ष

मंगळवारी दिवेलागणीला गावदेवीच्या देवळापुढे अख्खा पाडा लोटला होता. कळव्याच्या खाडीकाठी कोळ्यांची साठ-सत्तर घरं. एरवी देवळात न फिरकणारी म्हातारी माणसंही त्या दिवशी भिंतीचा आधार घेत आली होती. शहाऐंशी साल होतं. ठाणे महापालिकेची पहिली निवडणूक बारा दिवसांवर आली होती, आणि मत कोणाला द्यायचं ते आज खुद्द देवी सांगणार, असा पुकारा सकाळपासून झाला होता.

देवळाच्या पायरीवर गोमाजी भगत मळवट भरून बसला होता. समोर हळदीची वाटी, तीर्थाचे दोन तांबे आणि लिंबांची परडी. शेजारी खुर्चीवर उमेदवार तानाजीशेठ हात जोडून, नजर खाली घालून बसले होते. शेठचे रेती उपसणारे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, खाडीत चालत. गेल्या वर्षी त्यांच्या जीपवर एका पक्षाचा झेंडा होता, यंदा दुसऱ्याचा. निशाणी छत्री.

"पक्ष माणसांचे, आई सगळ्यांची," गोमाजी डोलत म्हणाला. "पण मना सांगा, देवीच्या डोक्यावर काय असतं? छत्र असतं. शिडी कधी बघितलीव का कोणी?"

लोक हसले. शिडी ही विश्रामची निशाणी होती. विश्राम याच पाड्यातला, कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. दोन वर्षं तो पाण्याच्या नळासाठी ठाण्याच्या कचेरीत अर्ज घेऊन खेटे घालत होता, आणि आता अपक्ष उभा राहिला होता.

मग परीक्षा सुरू झाली. एकेकानं पुढे यायचं, गोमाजीनं बोटाला हळद फासायची आणि वर पळीभर तीर्थ सोडायचं. ज्याचं मन देवीच्या बाजूला, त्याचं बोट पिवळं राहील. ज्याच्या पोटात दगा, त्याचं बोट रक्तासारखं होईल. वीस-पंचवीस बोटं पिवळी राहिली. मग दामाजी पुढे आला. म्हाताऱ्याचं बोट बघता बघता लाल झालं आणि गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. दामाजीनं तिथंच कान धरले आणि शेठच्या पायावर डोकं ठेवलं. गोमाजीनं देवीपुढचं लिंबू कापून बोटावर पिळलं, तसं बोट पुन्हा पिवळं झालं. देवीनं माफ केलं. त्यानंतर आणखी दोघांची बोटं लाल झाली, दोघांनीही माफी मागितली आणि दोघंही लिंबानं शुद्ध झाले.

चौथं लाल बोट आवडाबाईचं होतं.

आवडाबाई पन्नाशीची. तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी खाडीत बुडून गेला, मूलबाळ नव्हतं. निवट्या ही चिखलातली मासळी आणि चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरून, कळव्याच्या सोसायट्यांमध्ये विकून ती पोट भरत होती. लाल बोटाकडे ती बघत राहिली. अकरा वर्षांत तिच्या अंगाला कुंकवाचा रंग लागला नव्हता.

"माफी माग, आवडे," गोमाजी म्हणाला. "आई दयाळू हाय."

"मी काय केलंच नाय," ती म्हणाली, "तर माफी कसली मागू?"

ते खरंच होतं. आठवड्यापूर्वी विश्राम तिच्या ओट्यावर बसून पाणी पिऊन गेला होता, एवढंच. कोणाला मत द्यायचं हे तिनं ठरवलंही नव्हतं. विश्राम तिला फारसा आवडतही नसे. तो बोलत सुटला की थांबत नसे, आणि नोकरीत असताना तो पाड्याला विसरला होता, हे ती विसरली नव्हती. पण न केलेल्या पापाची माफी मागायची, हे काही तिच्या गळ्याखाली उतरेना. लाल बोट तसंच घेऊन ती घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून पाडा तिच्याशी बोलेनासा झाला. कोणी तसं ठरवलं नव्हतं, कोणी भांडलंही नाही. ती विहिरीवर गेली की बायका आपापल्या कळश्या उचलून बाजूला होत. ज्या बायजाबरोबर ती वीस वर्षं टोपली घेऊन निघायची, ती बायजा आता अर्धी घटका आधीच निघून जायची. शेजारच्या घरात तिच्या दिराचा मुलगा मारुती राहत होता. त्याची आई गेल्यावर आवडाबाईनंच त्याला भरवून मोठा केला होता. तोही आता दारात दिसला की आत वळे. रात्री भाकरी थापताना आवडाबाईला वाटे, आज दिवसभरात आपण भाव सांगण्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. एकदा तर ती चुलीशीच बोलली, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प झाली.

मारुतीचं तिला सगळ्यात लागलं, कारण एक गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती. परीक्षेच्या दोनच दिवस आधी मारुती तिच्या चुलीपुढे बसून हळूच म्हणाला होता, "काकी, कोणाला बोलू नको, पण मी विश्रामदादाला शब्द दिलाय." मंगळवारी मारुतीही देवीपुढे उभा राहिला होता. त्याचं बोट पिवळंधमक राहिलं होतं.

रविवारी ती परीक्षेच्या दिवशीचं लुगडं धुवायला बसली. बोट पुसताना पदराला हळदीचा डाग पडला होता. तो तिथंच वाळून पिवळा झाला होता. तिनं त्यावर साबणाची वडी घासली, आणि डाग लाल झाला. अगदी तिच्या बोटासारखा लाल. असे डाग तिनं जन्मभर धुतले होते, सगळ्या बायकांनी धुतले होते. साबण लागला की हळद लालसर होते, यात नवल ते काय? तिनं डाग खळखळून धुतला, घरातून लिंबाची फोड आणून चोळली. डाग पिवळा झाला.

धुण्याच्या दगडापाशी बसून ती विचार करू लागली. साबणाच्या वडीला तिच्या मनातलं काय ठाऊक? मग देवीला तरी काय ठाऊक होतं? मारुतीनं गुपचूप शब्द दिला, तो देवीला कळला नाही. विश्राम उघडपणे ओट्यावर बसला, तो मात्र कळला. दामाजी विश्रामच्या सभेला चारचौघांत गेला होता. म्हणजे शेठच्या माणसांना दिसलं तेवढंच देवीला दिसलं होतं.

सोमवारी ती सुमतीबाईंकडे मासळी घेऊन गेली. सुमतीबाई शाळेत शास्त्र शिकवत, एकट्याच राहत, आणि गेले सहा दिवस आवडाबाईशी नीट बोलणारं ते एकच माणूस होतं. तिनं सगळं सांगितलं. सुमतीबाई आतून पानाच्या डब्यातला चुना घेऊन आल्या, पाण्यात कालवून त्यांनी तो खाली बसू दिला. वरची निवळी साध्या पाण्यासारखीच दिसत होती. हळदीचं बोट त्यात बुडवलं, ते लाल झालं.

"साबण काय आणि चुना काय, दोन्ही हळदीला लाल करतात," त्या म्हणाल्या. "आंबट लागलं की ती पुन्हा पिवळी होते. एका तांब्यात पाणी, दुसऱ्यात ही निवळी. कोणाला कुठली पळी द्यायची, ते भगत ठरवतो."

"बाई, तुम्ही चला आणि सांगा त्यांना. माझं कोण ऐकणार?"

सुमतीबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "मी आले तर म्हणतील, बाहेरची बाई आली नि आमच्या देवीला नावं ठेवून गेली. हळदीचा डाग तुमच्या बायकांनी रोज धुतलाय, आवडाबाई. त्यांना तुम्हीच दाखवा."

शुक्रवारी, मतदानाच्या दोन दिवस आधी, शेठची शेवटची सभा देवळापुढेच होती. जे मागच्या वेळी राहिले होते, त्यांची परीक्षा चालू होती. आवडाबाई गर्दीतून पुढे गेली. तिच्यासाठी आपोआप वाट झाली, कारण कोणाला तिचा धक्का नको होता. पायरीखाली उभं राहून तिनं घरून आणलेली हळद आपल्या तळहाताला लावली, जरासं पाणी घेऊन साबण चोळला आणि हात बायकांकडे वळवला. हात लाल झाला होता. मग तिनं लिंबू पिळलं. हात पिवळा झाला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बायजानं तोंडावर पदर घेतला.

"आईच्या दारात खेळ मांडतेस?" गोमाजीचा आवाज चढला. "आईची परीक्षा घेतेस?"

"देवीची नाय," आवडाबाई म्हणाली. "तुमच्या तांब्यांची. दोन्ही तांब्यांचं तीर्थ शेठच्या बोटावर सोडा. त्यांचं मन तर देवीच्या बाजूला हाय ना?"

तानाजीशेठनी हात मांडीखाली घेतले. गोमाजी मंत्र पुटपुटू लागला, देवीचा कोप होईल, गलबतं बुडतील, पटकी येईल, असं काहीबाही बोलू लागला. पण लोक आता त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, तांब्यांकडे बघत होते. तरीही पुढे कोणी येईना. एवढ्या माणसांत आवडाबाई जितकी एकटी होती, तितकी ती आपल्या घरातही कधी नव्हती.

तेवढ्यात मागून मारुती आला. शेठनी त्याची कंपनीतली तात्पुरती नोकरी कायम करून द्यायचा शब्द दिला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तो पायरी चढला आणि कोणी अडवायच्या आत त्यानं दोन्ही हातांची बोटं हळदीत बुडवली.

"मी विश्रामदादाला शब्द दिलेला, तरी माझं बोट पिवळं राहिलं," तो म्हणाला. "काकीनं काय केलं नव्हतं, तिचं लाल झालं. मना ठाऊक होतं नि मी गप बसलो."

त्यानं एक बोट एका तांब्यात घातलं, दुसरं दुसऱ्यात. हात वर केले. एक बोट पिवळं होतं, एक लाल.

एकाच माणसाचं मन एकाच वेळी देवीच्या बाजूला आणि विरुद्ध कसं असेल, हे दामाजीसारख्या म्हाताऱ्यालाही समजलं. गोमाजी म्हणाला, कोणीतरी तीर्थ बाटवलं. शेठची जीप लगेच निघून गेली. लोकही निमूट पांगले. आवडाबाईला कोणी शाबासकी दिली नाही. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यापेक्षा फसवणूक दाखवणाऱ्याचाच राग आधी येतो.

रविवारी ती एकटीच शाळेत मतदानाला गेली. बोटाला शाई लागली, हातात कागद आला आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती उभी राहिली. तिथं भगत नव्हता, शेठ नव्हता, पाडा नव्हता. गेल्या बारा दिवसांचा एकटेपणा तिला काट्यासारखा टोचला होता; हा मात्र टोचला नाही. तिनं विचार केला. शेठच्या पडावांनी खाडीचा तळ उपसून काढला, म्हणून तिला निवट्या धरायला हल्ली दूरच्या चिखलात जावं लागतं. विश्राम बडबड्या आहे, पण त्याचे अर्ज तिनं डोळ्यांनी पाहिले होते. तिनं शिडीवर शिक्का मारला, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली.

निवडून तानाजीशेठच आले. प्रभाग मोठा होता आणि पाडा त्याचं एक टोक. पण सत्काराला ते देवळापुढे आले, तेव्हा बायजानं हार घालायच्या आधी विचारलं, नळ कधी देणार? मागून आणखी चार बायकांनी तेच विचारलं. नळ यायला पुढे तीन वर्षं लागली. मारुती कायम झाला नाही, दुसरीकडे लागला. संध्याकाळी तो काकीच्या चुलीपुढे येऊन बसे. बायजाही पुन्हा तिच्यासाठी थांबू लागली. आवडाबाई तिच्याबरोबर चाले, पण पूर्वीसारखं मनातलं सगळं बोलणं काही पुन्हा झालं नाही. ज्या माणसांनी बारा दिवस आपल्याला नाहीसं केलं, त्यांच्यातच राहायचं असतं, हे ती शिकली होती.

देवीला मानावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण देवी अमक्याला मत द्या म्हणते, असं कोणी सांगितलं, तर त्याला विचारावं, तुला कोणी सांगितलं? हळद चुन्यानं लाल होते. तो चुना शेठचा की आणखी कोणाचा, हे तिला कळत नाही, आणि गरिबाचं मनही कळत नाही. उमेदवाराला ओळखायचं असेल, तर गेली पाच वर्षं तो काय करत होता ते आठवावं. एवढं तर आपल्याला कोणालाही जमतं.