मागचे दोन स्पीकर

"गिळल्या. सगळ्या झांजा या डबीने गिळल्या," पंकजाक्षन पुटपुटले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यातल्या निम्म्या मी गिळल्या होत्या.

डबी म्हणजे टीव्हीखालची काळी पेटी, पुढे दोन आणि मागे दोन स्पीकर जोडलेली. आमच्या मुलीने, विनीताने, एर्नाकुळमहून आणून दिलेली. तिच्यात आमच्या देवळाच्या उत्सवातलं मेळम्चं सामूहिक वादन भरलेलं आहे. पुढे चेंडे, गळ्यात अडकवलेले ढोल; त्यांच्या मागे इलत्ताळांची, म्हणजे जाड काशाच्या झांजांची रांग. त्या रांगेत आमचे हे, पंकजाक्षन. बँकेतून निवृत्त झाले, रांगेतून नाही. येत्या गुरुवारी पुन्हा उत्सव, म्हणून हा सराव चाललेला.

सराव कसला, सेटिंगमध्ये जायचं, आवाज स्टिरिओवर ठेवायचा, ऐकायचं, तोंड वाकडं करायचं. मग सराउंड. पुन्हा तोंड वाकडं. पुन्हा स्टिरिओ. डाळीला फोडणी घालेपर्यंत चार वेळा मेळम् पहिल्यापासून.

"स्टिरिओत झांजा चेंड्यांखाली दबतात," ते सांगायचे. "सराउंडमध्ये मागून यायला हव्यात, तर मागे चिडीचूप."

मला स्वयंपाकघरात दोन्ही वेळा ऐकू यायच्या. समोरच्या स्पीकरमधून, खणखणीत. पण मी म्हणायचे, "रेकॉर्डिंगच वाईट असेल." विनीता फोनवर म्हणायची, "वायर ढिली असेल." गेल्या उत्सवात यांची झांज मधेच सगळ्यांच्या मागून एकटी वाजली, तेव्हा आशान म्हणाले, "ऊन फार होतं." आशान म्हणजे शंकुण्णि मारार, मेळम्चे प्रमुख. त्यांनी त्या दिवशी चेंडा इतका चढवला, की ती एकटी झांज बुडून गेली. ऊन खरंच होतं. इतरांनाही होतं.

"सरसू, तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस," हे मला म्हणायचे. मी हो म्हणायचे.

रविवारी विनीता आली. पिशवी ठेवली, पायसुद्धा धुतले नाहीत, रिमोट घेऊन खालीच बसली. मी केळ्याची भजी तळत होते. थोड्या वेळाने ती ओरडत आत आली.

"अम्मे, सेटिंगच होतं! रेकॉर्डिंग स्टिरिओ आहे ना, म्हणजे आवाज दोनच वाटांनी भरलेला. नुसतं सराउंड केलं तरी पेटी तो पुढच्या दोनांनाच देते. मागच्यांनाही वाटून दे, असं तिला वेगळं सांगावं लागतं. कुणी सांगितलंच नव्हतं."

"म्हणजे मागे खरंच काही येत नव्हतं?"

"खरंच येत नव्हतं."

मायलेकी एकमेकींकडे बघून हसलो. माझ्या हातातला झारा हलका झाला म्हणा ना. महिनाभर मनात जे धरून बसले होते, ते सेटिंगमधल्या एका खुणेने पुसलं गेलं. बाहेर जाऊन यांना म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं. पेटीच मूर्ख."

"मी काय वेगळं सांगत होतो?" ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी नीट हसले. "आशानना बोलव. ऐकू देत त्यांनाही."

आशान दोन घरं पलीकडे राहतात. कमरेचं मुंडू सावरत आले, कोचावर टेकले, चहा-भजी घेतली. "लावा," म्हणाले. "पण मला मधेच उठवू नका, मी पैसे घेतल्याशिवाय उभा राहत नाही."

विनीताने नवं सेटिंग लावून मेळम् सुरू केलं. यांनी डोळे मिटले. मांडीवर ताल धरला. जरा वेळाने उजवा हात वर केला, बोट मागे दाखवलं.

"आल्या," ते म्हणाले. "मागून. काय स्वच्छ. ऐकताय ना, आशान?"

आशाननी मान वळवली. मीही वळवली. भिंतीशी, फरशी पुसायच्या बादलीमागे, मागच्या दोन्ही स्पीकरच्या वायरी लोंबत होत्या. सकाळी पुसताना पायात येत होत्या म्हणून मीच काढल्या होत्या. लावायच्या राहिल्या.

आशाननी त्या बघितल्या. हातातली भजी बघितली.

"ऐकतोय," ते म्हणाले. "स्वच्छ आहेत."

विनीतानेही वळून बघितलं होतं. "हो, अच्छन. मस्त येतायत," ती वडिलांना म्हणाली आणि रिमोटची बटणं उगाचच दाबत राहिली. स्टिरिओ. सराउंड. स्टिरिओ. मागे काहीच बदलत नव्हतं.

"आता सोड तिथेच," हे तिला म्हणाले. "लागलंय ते बिघडवू नकोस. आशान, यंदा मला रांगेच्या मध्यात घ्या. कडेला उभं राहिलं की तुमचा हात दिसत नाही."

मध्यात. मधला चुकला की दोन्हीकडचे चुकतात. आशान ते आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं जाणून होते. त्यांनी चहाचा पेला तोंडाला लावला, तो रिकामा होता.

"घेऊ की," ते पेल्यातच म्हणाले. "तुम्ही नाही तर कोण."

"कोरा कट्टन चहा आणते," मी म्हटलं, पण पाय आत गेले नाहीत. पडद्यावर चेंडे चढत चालले होते, रांगेतल्या झांजा एकदम उघडून मिटत होत्या, आणि हे त्यांच्या मागे, अगदी थोडे मागे, मांडीवर थाप मारत होते. गुरुवारी मांडी नसणार होती. अख्खं गाव असणार होतं. आणि आशान या वेळी किती चेंडा चढवणार?

मी विनीताच्या हातातून रिमोट घेतला आणि मेळम् थांबवलं.

"काय झालं?" यांनी डोळे उघडले. "आता कुठे जमलं होतं."

मी बादली बाजूला केली, दोन्ही वायरी उचलल्या आणि त्यांच्या समोर धरल्या. आशान खिडकीबाहेर बघायला लागले. विनीता म्हणाली, "अम्मे, राहू दे ना."

मी यांच्या जवळ गेले. तोंडातल्या तोंडात बोललं जाऊ नये म्हणून सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हटलं,

"अहो, मागचे दोन्ही सकाळपासून बंद आहेत. पेटीला काही झालेलं नाही. तुम्हाला झांजा ऐकू येत नाहीत."