चाक धरणारा

आमच्या सायकल क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते माझं अक्षर बरं म्हणून नव्हे, तर बैठकीला मी उशिरा पोचले म्हणून. क्लबला पन्नास वर्षं होत होती. आमचे चिटणीस दातांचे डॉक्टर आहेत. तोंडात कापूस धरून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे ते उत्तराची वाट बघत नाहीत. "तुमच्या आई पहिल्या तुकडीतल्या ना? मग झालं तर. तुम्हाला घरबसल्या सगळं मिळेल," असं म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळलेसुद्धा.

आई तरुणपणी सायकल चालवायची एवढं मला ठाऊक होतं. पण आमच्याच क्लबात होती हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी स्वतः क्लबात आले ती चाळिशी उलटल्यावर. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे दिवसदिवस उभं राहून गुडघे कुरकुरायला लागले होते. तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "जा बाई. फक्त धरणाच्या रस्त्याला सगळ्यांच्या मागे राहू नकोस." आईच्या काळज्यांना तोटा नाही, त्यातलीच ही एक, असं समजून मी सोडून दिलं होतं.

घरी येऊन विचारलं तेव्हा ती खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. उभा जन्म टेलिफोन ऑफिसात गेला तिचा, ऑपरेटर म्हणून. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा आवाजावर तिचा भरवसा जास्त. सुरुवातीच्या गोष्टी तिने अगदी खुशीत सांगितल्या. छापखान्याच्या मागच्या अंगणात कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून क्लब निघाला. छापखान्यातली काही मंडळी, टेलिफोन ऑफिसातल्या आई आणि तिची मैत्रीण आणि एक बेकरीवाला. सगळ्यांनी आपापले सदरे एकाच पातेल्यात घालून निळे रंगवले. पहिल्याच रविवारी घामाने रंग सुटला आणि सगळेच्या सगळे निळे होऊन घरी गेले.

"तुझ्या आजीने मला गादीवर टेकू दिलं नाही," आई हसत म्हणाली.

"मग सोडलंस का?"

शेंगा सोलणारी बोटं थांबली. "लग्न झालं."

"लग्न तर किती नंतर झालं तुझं."

"मग कंटाळा आला असेल," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

पहिल्या तुकडीतलं दुसरं कोणी हयात असेल तर ते भट्टीवाले काका. बेकरी आता मुलगा बघतो. काका मागच्या खोलीत, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून बसलेले असतात. त्या भिंतीची ऊब त्यांना सोडवत नाही. मी क्लबचं नाव काढताच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू कुठे असतेस? पुढे, मधे की मागे?"

"मधे. का हो काका?"

"बरं आहे. मधेच राहा."

आत पाव काढायची फळी खरडल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "माझं चाक धरलं होतं कुणीतरी."

आमच्या भाषेत चाक धरणं म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला अगदी चिकटून सायकल चालवणं. पुढचा वारा खातो, मागच्याला आडोसा मिळतो. आणि आपलं चाक कोणी धरलं, की वळून न बघताही कळतं. त्याच्या चाकाची टिकटिक, चेनची खरखर, श्वास, सगळं पाठीला ऐकू येतं.

"धरणाच्या रस्त्याला मी सगळ्यांच्या शेवटी होतो," काका म्हणाले. "आणि माझ्या मागे टिकटिक."

"वळून पाहिलंत?"

"पाहिलं की. रस्ता होता." त्यांनी भिंतीला पाठ आणखी घट्ट लावली. "त्यानंतर मी सायकलला हात लावला नाही. घरी सांगितलं, कंबर धरली म्हणून."

मग मी क्लब मधेच सोडून गेलेल्यांना फोन लावायला लागले. एका शिंपीणबाईंनी मुलांच्या परीक्षेचं कारण दिलं. मी सहज म्हटलं, "शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या मागे होतात का?" त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?" जमिनीची मोजणी करणारे एक गृहस्थ आधी मोठ्याने हसले, मग विषय बदलून फोन ठेवून मोकळे झाले. वर्षानुवर्षं कोणी ना कोणी असं गेलं होतं, आणि प्रत्येकाची समजूत एकच, की हे फक्त आपल्यालाच झालं. लोक वेड्यात काढतील म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम मागे राहिले. घाबरले नव्हते असं नाही. पण खरं काय ते कळल्याशिवाय चैन पडेना. ऊन चढायची वेळ झाली तरी धुकं दाट होतं. धरणाच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो. नवा रस्ता डावीकडे चढून टेकडीच्या कडेने जातो, आणि जुना सरळ उताराने जाऊन पाण्यात शिरतो. धरण भरलं तेव्हा तो बुडाला; उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या कडेचे पांढरे दगड दिसतात. फाट्यावर मी चढाला लागले. पुढच्यांचे आवाज धुक्यात विरत गेले. आणि माझ्या पाठीशी टिकटिक सुरू झाली.

मी पायडल जोरात मारून पाहिलं. टिकटिक थांबली नाही. माझ्या चाकाची नव्हतीच ती. माझं चाक नवं, त्याचा आवाज बारीक. ही जाड, जुन्या दातेरी चक्राची होती. मानेवर काटा उभा राहिला. वळायचं धाडस होईना. तेवढ्यात अगदी कानामागून, थोडा धापा टाकणारा, हसरा आवाज आला, "व्हा पुढे, व्हा पुढे. आलोच मी."

टेकडी मी कशी चढले मला आठवत नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "कसं म्हणाला? तसंच म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "परत म्हण." मी परत म्हटलं.

"खिळे," ती म्हणाली, आणि पदराने तोंड दाबून बसली.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक तरुण होता. सगळे त्याला खिळे म्हणायचे. क्लबाची कल्पना मुळात त्याचीच. कोणी दमलं तर स्वतः मागे राहायचा, त्याला बोलत बोलत चढ चढवून आणायचा. धरण नुकतंच भरलं होतं तेव्हा, नवा रस्ता उघडून थोडेच दिवस झाले होते. अशाच एका धुक्याच्या सकाळी त्याचा टायर बसला. टायरातून चांगला बोटभर खिळा निघाला.

"मी म्हटलं, खिळ्यालाच खिळा लागला!" आई म्हणाली. "सगळे इतके हसले. तोही हसला. म्हणाला, व्हा पुढे, आलोच मी. त्यात काय मोठंसं, पंक्चर काढायला कितीसा वेळ लागतो? आम्ही गेलो. टेकडीवर थांबलो. वाट बघितली, परत फिरून फाट्यापर्यंत आलो. नव्हता गं कुठेच. पोलिसांनी शोधलं, पाण्यात माणसं उतरवली. सायकलसुद्धा मिळाली नाही."

"आणि तू?"

"मी त्यानंतरही जात होते. एक दिवस मागे राहिले, आणि त्याचं चाक ऐकलं. आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही." ती थांबली. "घाबरून पळाले. तो ओळखीचा होता, तरी पळाले."

त्या रात्री मी विचार केला की आपण का पळायचं? बिचारा इतकी वर्षं मागे पडलाय. त्याला पुढे जाऊ द्यावं, म्हणजे सुटेल. मला वाटलं, फार शहाणपणाचं सुचलं.

रविवारी पुन्हा धुकं होतं. फाट्याच्या बरंच अलीकडे टिकटिक लागली. मी हँडल घट्ट धरलं, सायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि समोर बघत म्हटलं, "खिळेकाका, तुम्ही व्हा पुढे. मी आहे मागे."

मग आवाज माझ्या बाजूला आला. उजव्या गालाला गार हवा लागली, जशी तळघराचं दार उघडल्यावर लागते. ओल्या कागदाचा वास आला. टिकटिक पुढे निघून गेली. मला हलकं वाटलं, अगदी रडूच आलं.

मग पुढून डॉक्टरांची हाक ऐकू आली, "कोण आहे रे पुढे? अरे, जरा हळू!"

डॉक्टर नेहमीच सगळ्यांच्या पुढे असतात. त्यांच्या पुढे कोणी असणं शक्यच नव्हतं. मी जोरात पायडल मारायला लागले. "थांबा!" म्हणून ओरडले, पण धुक्यात आवाज कुठल्या कुठे गेला. फाट्यावर पोचले तर डावीकडच्या चढावर कोणीच नव्हतं. सगळी मंडळी सरळ गेली होती.

पाण्याचा आवाज आधी आला, मग आरडाओरडा. उताराच्या शेवटी डॉक्टर मांडीभर पाण्यात उभे होते, सायकल आडवी पडलेली. त्यांच्या मागचे दोघं गुडघ्यापर्यंत भिजले होते. बाकीच्यांनी कसेबसे ब्रेक दाबले होते. कोणाला लागलं नाही हे नशीब. आम्ही हात देऊन त्यांना बाहेर ओढलं. एक बूट चिखलातच राहिला. डॉक्टरांचे दात वाजत होते.

"माझ्या पुढे होता," ते परत परत सांगत होते. "मी त्याचं चाक धरलं होतं. मला वाटलं, तुमच्यातलाच कोणीतरी. तो थांबलाच नाही हो. पाण्यातही थांबला नाही."

मी त्यांना खिळ्यांची सगळी हकीकत सांगितली, आणि त्याच दुपारी ते आमच्या घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि आईला म्हणाले, "आता काय करायचं?" आणि आमच्या ओळखीत पहिल्यांदाच, गप्प बसून उत्तराची वाट बघत राहिले.

आई माझ्यावरच आधी उखडली. "पुढे काय घातलंस त्याला? त्याला नवा रस्ता पाठ कुठे झालाय? त्याला तो जुनाच माहीत." मग डॉक्टरांकडे वळली. "मागे ठेवलंत तर तो एकटा पडतो. पुढे घातलंत तर तिकडेच नेतो. त्याला मधे घ्या."

"मधे म्हणजे?"

"मधे म्हणजे मधे. चार माणसं पुढे, चार मागे, आणि मधे त्याची जागा सोडा. बोलत राहा. गप्प राहिलं की माणूस भरकटतो."

कोणी हसलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही तसेच निघालो, मधे एका सायकलीएवढी जागा मोकळी ठेवून. तिच्या मागे मी होते. पुढची मंडळी भाव, पाऊस, कोणाच्या तरी साहेबाच्या सुनेचं बाळंतपण, जे सुचेल ते मोठमोठ्याने बोलत होती. शिंपीणबाईंनाही मी बोलावून घेतलं होतं. त्यांचा आवाज सगळ्यांत वर. फाट्यावर मात्र सगळ्यांचंच बोलणं अडखळलं. तरी डॉक्टर ओरडले, "डावीकडे! सगळ्यांनी डावीकडे!" आणि आम्ही चढाला लागलो.

टेकडीच्या त्या कडेला समोरून वारा येतो, अंगावर कपडे फडफडतात इतका. मी मान खाली घालून तयार झाले. पुढचा स्वार माझ्यापासून चांगला लांब होता. मधे नुसती मोकळी जागा. आणि मला वारा लागला नाही. कडेचं गवत झोपून जात होतं, पुढच्याचा शर्ट फुग्यासारखा फुगला होता, आणि माझ्या तोंडावर एक झुळूक नाही. कोणाच्या तरी पाठीच्या आडोशाला मी टेकडी चढत होते. भीती वाटायला हवी होती, थोडी वाटलीही. पण गुडघे इतके हलके कधीच झाले नव्हते.

टेकडीवर सगळे उतरलो. डॉक्टर नुसते माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. भट्टीवाल्या काकांना ही गोष्ट मी नंतर सांगितली, तेव्हा ते भिंतीपासून पाठ काढून सरळ बसले.

इतिहास मी लिहून दिला, छापलाही गेला. त्यात पातेल्यातला निळा रंग आहे, खिळ्यांचा फोटो आहे. मधली जागा का सोडायची हे लिहिलेलं नाही. नव्यांना आम्ही क्लबाचा नियम म्हणून सांगतो, आणि नियम म्हटला की लोक फारसं विचारत नाहीत.

मधली जागा सोडली त्या पहिल्या रविवारी परत येताना गावात शिरल्यावर एकेक जण आपापल्या वळणाला वळला. शेवटी मी एकटी उरले. आमच्या गल्लीत समोरून वाऱ्याचा झोत असतो. दोरीवरचे कपडे आडवे होतात. त्या दिवशीही झाले होते. मला मात्र तो लागला नाही. पार दारापर्यंत लागला नाही.

आईने दार उघडलं. ती मला जन्मात कधी 'या' म्हणाली नाही. 'ये' म्हणते, नाहीतर 'आलीस?' त्या दिवशी ती माझ्या खांद्याजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली, मग स्वतःच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "या. आत या."

मी दारात जरा बाजूला झाले.