यानिराचा उजवा हातमोजा

मित्रांनो, हातमोजे जोडीनं जन्माला येतात, पण मी हल्ली एकटाच असतो. मी उजवा. डाव्या भावाचं काय झालं ते ओघात येईलच, आधी आमच्या जन्माची गोष्ट ऐका.

उरुग्वे नदीच्या काठी आमचं गाव. गावात मांसाचा कारखाना आहे आणि त्याच्या बर्फघरात विल्मार काम करतो. आम्ही मूळचे त्याचे, कामावरचे जाड सुती मोजे. त्याच्या मुलीनं, यानिरानं, गोलकीपर होण्याचा हट्ट धरला तेव्हा तिच्या आईनं, एलिदानं, आम्हाला कापून लहान केलं. टेबल टेनिसच्या जुन्या बॅटचं खरखरीत रबर तिनं आमच्या तळव्यांवर शिवलं. रबरात सुई रुतून बसायची आणि एलिदा सुईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पहिल्या दिवशी चेंडू आमच्यात येऊन बसला तेव्हा यानिरा ओरडली, "आई गं, हे तर सोडतच नाहीत त्याला!" तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुगून होतो.

लहान पोरांच्या फुटबॉल संघाला शिकवायच्या ग्लॅडिस बाई. त्यांचा आवाज जाड आणि माया त्याहून जाड. गोलपासून थोड्या अंतरावर फक्कीची रेघ मारलेली असे. तिकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे बघ पोरी, लहानांच्या खेळात नियमच आहे, चेंडू तुझ्या हातात आला की समोरच्या पोरांनी त्या रेघेपलीकडे जायचं. ती गेली की मग हातानं चेंडू सोडायचा, आपल्या जवळच्या पोराकडे, घरंगळत. ती जायच्या आत सोडलास तर खेळ सुरू झाला, मग माझ्याकडे रडत यायचं नाही. लाथ मारून लांब उडवायचा तर नाहीच नाही."

हे विल्मारला कुठलं पटायला! तरुणपणी तोही गोलकीपर होता आणि त्याची लाथ म्हणे नदीपलीकडे ऐकू जायची. "हा काय खेळ म्हणायचा, बाई? वाट बघत उभं राहायचं, पाहुण्यांना निरोप दिल्यासारखं!" दर सामन्याला तो गोलमागच्या जाळीला नाक लावून उभा राहायचा आणि ओरडायचा. यानिरा खेळताना पुढे बघायची, पण तिचा कान सगळा मागे असायचा. मला ते कळायचं, कारण तो ओरडला की तिची बोटं माझ्यात आखडायची.

तरी ते दिवस सुखाचे होते. पावसात सामना झाला की एलिदा तळलेल्या पुऱ्या घेऊन यायची आणि आम्हाला चुलीजवळ वाळत घालायची. गावातली माणसं यानिराची पाठ थोपटायची. "बापाच्या वरताण निघाली," असं कोणी म्हटलं की विल्मार उगाच जमिनीकडे बघायचा, पण मिशीत हसायचा. यानिरा ते हसू बघायला सामना खेळायची, असं माझं मत आहे.

मग शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी कप आमचाच होता. बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, घाई करायची नाही. सामना संपत आला असताना एक जोरकस फटका आला आणि यानिरानं झेप घेऊन तो धरला. आम्ही दोघा भावांनी चेंडू असा आवळला की विचारू नका! समोरची पांढऱ्या शर्टांची पोरं रेघेकडे परतू लागली. त्यांतला एक झिपऱ्या मात्र रमतगमत चालला होता. लांबून बाई तळहात खाली दाबून दाखवत होत्या, थांब, थांब.

आणि मागून विल्मार ओरडला, "टाक! टाक ना लवकर! अंडी उबवतेस काय? बरोबरीनं कप घ्यायचा असतो का? टाक म्हणतो ना!"

तिची बोटं आखडली. मी चेंडू धरून ठेवायला बघत होतो, पण मोज्याचं कोण ऐकतो? तिनं चेंडू सोडला. झिपऱ्या अजून रेघेच्या अलीकडेच होता. तो गर्रकन वळला, मधेच चेंडू अडवला आणि आमच्या शेजारून गोलमध्ये मारला. सामना तिथेच संपला.

विल्मार जाळीला वळसा घालून धावत आला. "कोणी सांगितलं होतं घाई करायला? डोकं घरी ठेवून आलीस का?"

सगळं मैदान ऐकत होतं. यानिरानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल गं बाई, एकदा बोल.

ती म्हणाली, "चुकलं, बाबा."

ग्लॅडिस बाई मधे पडल्या. "विल्मार, लाज वाटू दे जरा. कोण ओरडत होतं ते सगळ्यांनी ऐकलंय."

"बाप आहे मी तिचा," तो म्हणाला आणि सायकल आणायला गेला.

घरी जाताना ती मागच्या सीटवर बसली होती आणि आम्ही तिच्या मांडीवर. नाल्यापाशी सायकल उडाली आणि माझा भाऊ खाली घसरला. तिनं त्याला पडताना पाहिलं. "बाबा, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. ती काही बोलली नाही.

पुढच्या हंगामात विल्मारनं नवे, झगझगीत हातमोजे आणून तिच्यापुढे ठेवले. "कशाला आणलेत, बाबा?" ती हळूच म्हणाली. "मी आता नाही खेळत." ती पुन्हा कधी मैदानावर गेली नाही. मोठी झाली, शिकायला राजधानीत गेली आणि तिकडचीच झाली. रविवारी तिचा फोन येतो. आईशी पुष्कळ बोलते. बापाशी "बरं आहे ना? बरं." एवढंच.

मी आता स्वयंपाकघरात खिळ्याला असतो. सकाळी येर्बाच्या पानांच्या कडू चहासाठी पाणी तापलं की विल्मार मला धरून किटली उतरवतो. माझा तळवा जळून काळा पडला आहे. परवा असाच फोन ठेवून झाल्यावर त्यानं मला हातात घालायचा प्रयत्न केला. त्याची बोटं अर्धीच शिरली. तो तसाच बसून राहिला आणि रिकाम्या खोलीत पुटपुटला, "थांब, पोरी. जाऊ दे त्यांना मागे. मग टाक." ज्या हातानं हे ऐकायला हवं होतं तो माझ्यात नव्हता.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी किटलीपुरता बरा आहे. पण तुमच्या हातात चेंडू असेल आणि मागून आपलंच माणूस ओरडत असेल, तर थांबा. आणि नाहीच थांबता आलं, वर दोषही तुमच्याच माथी आला, तर निमूटपणे "चुकलं" म्हणू नका. "बाबा, तुम्हीच सांगितलंत," असं म्हणा. विल्मार चिडला असता, चार दिवस फुगून बसला असता, जेवणाच्या ताटावर धुसफुसला असता. पण नाल्यापाशी यानिरानं "बाबा, थांबा" म्हणून सायकल थांबवली असती.