घरातली जागा घरात

राग माझ्या नाकावर असतो असं शाळेत सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. म्हणून आधीच सांगते, ही गोष्ट मला शांतपणे सांगता येणार नाही. ज्याला शांतपणे ऐकायची असेल त्यानं माझ्या आईकडून ऐकावी. तिच्या मते काही झालेलंच नाही.

तळा गावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी चार वर्षं इंग्रजी शिकवते. चारही वर्षं तात्पुरती. यंदा जूनमध्ये मला कायम करायचं ठरलं होतं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी आणि आई दोघीच, त्यामुळं कायम होणं म्हणजे आमच्यासाठी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

शिमग्याला निकेतदादा आला. हा माझा मामेभाऊ, येसाजीमामाचा मुलगा. नऊ वर्षं व्हिएतनाममध्ये हायफाँग शहरात इंग्रजी शिकवतो. बायको आणि दोन मुलं इकडंच, मामाकडं. गावात त्याचा रुबाब असा की लोक त्याला मुलांच्या मार्कलिस्टा दाखवायला आणतात. आमच्या पडवीत बसून तो मला म्हणाला, "प्रणे, किती वर्षं इथंच घासणार? आमच्या सेंटरला माणूस हवंय. तुझं नाव सांगू?"

मी त्याला सरळ विचारलं. "दादा, वर्ष-दोन वर्षांची मजा म्हणून मला जायचं नाही. कायमची नोकरी तोंडाशी आलीय माझी. म्हातारपणापर्यंत पुरेल असं काम आहे का ते?"

"कल्याण होईल तुझं," तो म्हणाला. "नऊ वर्षं काय मी उगाच राहिलो तिकडं? तिकडं मास्तरला मान आहे."

आई आत भाकऱ्या थापत होती. ती आतूनच म्हणाली, "जा गं. दादा सांगतो म्हंजे तुझ्या भल्याचंच सांगत असंल."

दोन आठवडे मी विचार केला. इतका विचार मी एकाही स्थळाचा केलेला नाही. शेवटी राजीनामा लिहून मुख्याध्यापक बाळाजी सरांच्या हातात दिला. सर नुसतं "शुभेच्छा" म्हणाले. तिथंच मला खटकायला हवं होतं. एका दिवसाची रजा मागितली तरी हा माणूस अर्धा तास उपदेश करतो, आणि राजीनाम्याला एक शब्द नाही?

पुढच्या शनिवारी मुलाखत होती, व्हिडिओ कॉलवर; दादाच्या म्हणण्याप्रमाणं नुसती नावापुरती. आमच्या घरी रेंज धड नाही, म्हणून स्कूटर काढून दिवेआगरला गेले. माझी मैत्रीण अमिषा तिथं होमस्टे चालवते. तिनं पाहुण्यांची खोली उघडून दिली, मागच्या भिंतीवरचा टॉवेल काढला, आणि माझे केस नीट केले. समोर सेंटरच्या हान मॅडम. बाई गोड बोलतात. धड्याचं प्रात्यक्षिक त्यांना आवडलं, कधी येता म्हणून विचारलं, आणि मग हसून म्हणाल्या, "तुम्ही भावाबहिणींनी किती छान जमवलंत. तुम्ही त्याच्या जागी आमच्याकडं, आणि तो जूनपासून तुमच्या शाळेत तुमच्या जागी."

मी हसतच राहिले. कॅमेरा समोर होता, दुसरं काय करणार? कसंबसं विचारलं, "तो का सोडतोय?"

त्यांनी काही लपवलं नाही. करार वर्षाचाच असतो, म्हणाल्या, सगळ्यांचाच. पालक तरुण शिक्षक मागतात, त्यातही गोरा मिळाला तर आधी तो. निकेतला यंदा आम्ही निम्मेच तास देऊ शकलो. तुम्ही एकोणतीसच्या आहात, तुम्हाला अजून पाच-सहा वर्षं काही अडचण नाही.

पाच-सहा वर्षं. म्हातारपणापर्यंत पुरेल का विचारलं होतं मी.

कॉल संपल्याबरोबर दादाला फोन लावला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत, तेवढं त्याचं कबूल करते. "दरवर्षी नवा करार, दरवर्षी व्हिसासाठी कुणाच्या तरी पुढंपुढं करायचं," तो म्हणाला. "थकलो गं. मुलं मला फोनमधला बाप म्हणतात. परत यायचं तर इथल्या इथं इंग्रजीची रिकामी होण्यासारखी एकच जागा होती, तुझी."

"मग मला सांगायचंस. मागायचीस माझ्याकडं."

"दिली असतीस?"

"नसती दिली."

"मग?" तो म्हणाला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच. परक्यानं फसवलं असतं तर मी त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्याला लहानपणी मी राखी बांधलीय. अमिषानं चहा आणला, तो तसाच ठेवून मी निघाले. रस्ताभर रडत होते आणि रडतेय म्हणून स्वतःवरच चिडत होते.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. "सर, माझी जागा निकेतला द्यायचं कधी ठरलं?"

सर गोंधळले. "अगं, तुझी आईच त्याला घेऊन आली होती ना. शिमग्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाली, पोरगी परदेशी चाललीय, तिची जागा भाच्याला द्या. मला वाटलं, तुमचं घरात ठरलंय."

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी अजून हो म्हटलेलं नव्हतं. दोन आठवडे रोज जेवताना मी आईला विचारत होते, जाऊ की नको. आणि ती रोज मला भात वाढत म्हणत होती, जा.

"राजीनामा मंजूर झाला का?"

"कमिटी रविवारी बसेल. तोवर माझ्याच खणात आहे."

त्यांच्याच टेबलावर, उभ्या उभ्याच, मी राजीनामा मागं घेतल्याचं पत्र लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. मग मी तास घ्यायला गेले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई लसूण सोलत बसली होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "तू दादाला घेऊन शाळेत गेली होतीस?"

"व्हय," ती म्हणाली. जसं काही दळण आणलं का विचारलं होतं मी. "तुझा बाप मुंबईला कँटीनला होता तवा सहा महिने आजारी पडला. येसाजीनं त्याच्या जागी बदली काम केलं, जागा जाऊ दिली न्हाय. ते उपकार कुणी फेडायचं?"

"मामानं जागा राखली, आणि बाबा बरे झाल्यावर परत दिली. दादा मला परत देणार होता?"

"तू काय, आज ना उद्या लग्न करून जाशील. त्याला बायको हाय, पोरं हायत. तुला तिकडं काम मिळत हुतं, त्याला हिकडं. घरातली जागा घरात ऱ्हात हुती. कुणाचं काय वाईट केलं मी?"

"तिकडं पाच-सहा वर्षांनी मला काढून टाकतील, हे माहीत होतं तुला?"

तिनं लसणाची पुढची पाकळी उचलली. माहीत होतं.

माझा आवाज फाटला. "आई, निदान मला विचारायचं तरी."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "परक्याची जागा असती तर इचारलं असतं," ती म्हणाली. "तू माझी हायेस. आपल्या माणसाला काय इचारायचं?"

मग मी सांगितलं की राजीनामा मी मागं घेतलाय. दादानं तिकडची नोकरी सोडलीय हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. तिनं पदराला हात पुसले, फोन उचलला आणि माझ्यासमोरच मामाला लावला.

"येसाजी," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "माझ्या पोरीनं दगा दिला रे आपल्याला."