गायिका अज्ञात

मित्रांनो, ऐका ना, मी कॅसेट! साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंनी वाजणारी. आता कॉलेजच्या कपाटात मागच्या रांगेत पडून असते, पण सत्त्याऐंशी साली मी जळगावच्या एका दुकानात काचेआड अशी चकाकत होते म्हणून सांगू! शेजारणींच्या नशिबी सिनेमाची गाणी आली. मला वाटलं, माझ्याही येतील. पण कुठलं काय! मराठी शिकणाऱ्या अभिमन नावाच्या विद्यार्थ्याने मला घेतलं, खिशात टाकलं आणि एस.टी.त बसून थेट धुळ्याकडच्या एका खेड्यात नेलं. तिथे लग्न होतं.

हळदीचा मांडव, बायकांची ही गर्दी! अभिमनने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि मधोमध बसलेल्या बाईंना विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"मनं नाव मंजुळाबाई."

"पुढे? मालकांचं?"

"व माय! त्यासनं नाव कसं लेऊ?"

शेजारच्या भिकुबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. "ले ना व! मशीनले काय लाजस?"

मग मंजुळाबाईंनी पदर सावरला आणि घेतला उखाणा!

"धुळ्याना बजारमा लिधी पितळनी परात,
रुपचंदनं नाव लेस, आते गाऊ द्या जोरात!"

बायका अशा हसल्या, अशा हसल्या की टेपरेकॉर्डरचा काटा लाल रेघेच्या पार गेला. आणि मग गाणं. व्याह्याच्या मिशीत शेवया अडकतात, त्या काढायला अख्खं वऱ्हाड धावतं, असं काहीतरी भन्नाट. गाण्याआधीच अभिमनने विचारलं होतं, हे कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "कोनी नही. मीच जोडेल शे." म्हणजे गाणं त्यांनी स्वतःच रचलेलं! हे सगळं, अगदी सगळं, माझ्या फितीवर उमटलं. मला इतकं भारी वाटलं!

अभिमनने माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'लग्नाची गाणी, धुळे'. गायिकेचं नाव? "ते तर आतच आहे की," असं म्हणून त्याने मला कॉलेजच्या कपाटात ठेवलं. पुढे त्याला नोकरी लागली, तो गेला.

ते कपाट सगळ्यांसाठी उघडं होतं बरं का. ते सांभाळणाऱ्या पितांबर सरांनी दारावर लिहिलं होतं, 'या, ऐका, वापरा. फक्त कोणाचं घेतलं ते लिहा.' आणि लोक यायचे! विद्यार्थी यायचे, लांबलांबचे अभ्यासक यायचे. माझं काय कौतुक! पण सगळ्यांना घाई. सुरुवातीची बडबड नको, गाणं हवं. कुर्रर्र करून मला पुढे पळवायचे, गाणं उतरवून घ्यायचे, आणि तिथेच थांबवून परत ठेवायचे. पूर्ण मागे कोणी गुंडाळायचंच नाही. एका अभ्यासकांनी तर पुस्तक काढलं. मंजुळाबाईंचं गाणं त्यात छापलं आणि खाली लिहिलं, 'पारंपरिक. गायिका अज्ञात.'

आणि मग काही वर्षांनी मंजुळाबाई स्वतःच आल्या की कॉलेजात! मी आवाज लगेच ओळखला. थोडा बसला होता, पण तोच. त्या पितांबर सरांना सांगत होत्या, चोपड्याला भाच्याच्या लग्नात त्यांनी ते गाणं म्हटलं, तर नवरीकडची एक शिकलेली मुलगी म्हणाली, "आत्याबाई, हे तर आमच्या पुस्तकातलं! पाठ केलंत वाटतं?" सगळा मांडव हसला. या वेळी त्यांच्यावर.

"भाऊ, माले वाचता येत नही," त्या म्हणाल्या, "आनि मी पुस्तकनी चोर?"

"बसा आई," सर म्हणाले. "तुमचं नाव कॅसेटमध्ये आहे म्हणता ना? आत्ता लावतो."

आणि सरांनी मला मागे गुंडाळलं, मित्रांनो, पार सुरुवातीपर्यंत! किती वर्षांनी! मला वाटलं, आता परात येणार, आता रुपचंद येणार...

"हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. हॅलो."

कुणीतरी कधीतरी गॅदरिंगच्या वेळी हाताला आली ती कॅसेट पार मागे गुंडाळून तिच्यावर माइक तपासला होता. ती हाताला आलेली मी होते. माझ्या पाठीला प्लॅस्टिकच्या दोन टिकल्या असतात. त्या मोडल्या की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. त्या कोणी मोडल्याच नव्हत्या. नाव गेलं, उखाणा गेला, 'मीच जोडेल शे' गेलं. राहिलं नुसतं गाणं.

सरांनी पेन काढलं. मग म्हणाले, "आई, पुन्हा म्हणा. आधी नाव लिहितो, मग टेप सुरू करतो."

मंजुळाबाईंनी घसा साफ केला. पहिली ओळ निम्मी म्हटली आणि थांबल्या.

"नको भाऊ. आते मी गाऊ ते लोक म्हनतीन, पुस्तकमानं गाई राहिनी."

त्या उठल्या, एस.टी. स्टँडचा रस्ता विचारला आणि गेल्या. पितांबर सरांनी माझ्या चिठ्ठीवर त्यांचं नाव ठळक लिहिलं. पण पुस्तक तर गावोगाव गेलं होतं.

मित्रांनो, माझ्यातलं हवं तेवढं घ्या, खरंच घ्या. त्यासाठीच तर आहे मी. फक्त आधी माणूस ऐका, मग गाणं. आणि लिहिताना त्या माणसाला गाळू नका.

त्या संध्याकाळी सरांनी माझ्या पाठीच्या दोन्ही टिकल्या मोडल्या. कट्. कट्. आता माझ्यावरचं काहीच कोणाला पुसता येणार नाही. ते 'हॅलो, हॅलो'सुद्धा.