दिवस मावळायच्या आत

मला जेवायला घालून हरवलं हो. मैदानात न्हाय, ताटावर! कोल्हापुरात माणूस असाबी मारता येतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

मी अरिहंत मगदूम. मुरगूडच्या पुढं एका खेड्यातल्या कॉलेजात खेळाचा मास्तर. आमच्या मुलींची फुटबॉल टीम हाय. हाय म्हणजे, त्या दिवसापतोर होती. प्राचार्यांनी सरळ सांगितलंतं, "मगदूम, यंदा सह्यसंगम करंडकाच्या प्ले-ऑफला मुली गेल्या तर टीम राहील. नाहीतर बंद. मैदानावर पार्किंग करायचं ठरलंय." पोरींनाबी हे ठाऊक होतं. कॅप्टन सौंदर्या तर सरावाला आली की आधी मैदानाच्या कडंकडंनं एक चक्कर मारायची, कुणी खडी टाकली न्हाय न्हवं ते बघायला.

प्ले-ऑफला चार टीम जाणार होत्या. तीन गटांत पहिल्या आलेल्या तीन टीम थेट आत. चौथी जागा उरलेल्यांतनं समिती निवडणार. त्या जागेसाठी दोघंच होतो, आमी आणि शहरातलं राजमंगल कॉलेज. आमी एकबी मॅच हरलो न्हवतो. गटातल्या पहिल्या टीमशी बरोबरी केलती, निव्वळ गोलफरकानं मागं राहिलो. राजमंगलनं एकाच मॅचमध्ये चार गोल खाल्ले. ह्यात निवडायचं काय होतं, सांगा की! पण राजमंगल पडलं पेठेतलं. त्यांची मॅच म्हणजे अख्खी पेठ गॅलरीत, हलगी, घोषणा, नाद खुळा. आमच्या मॅचला बघायला कोण, तर सौंदर्याचे वडील शंकरप्पा आणि त्यांची मोटरसायकल.

तरीबी मला भ्या न्हवतं. नियमच होता तसा, दोन्ही प्रशिक्षकांचं म्हणणं ऐकायचं, मगच मतदान. आणि बोलायला लागलो की मी कुणाच्या बापाला ऐकत न्हाय. मीटिंगला कोल्हापूरला येताना एसटीत बसून सगळं पाठ केलतं. पोरीबी हट्टानं संगं आलत्या. "निकाल ऐकूनच जेवायचं सर, समदी मिळून," सौंदर्या म्हणाली. मी म्हटलं, "निवड झाली की मिसळ माझ्याकडनं." त्या समितीच्या कचेरीच्या फाटकापाशी कट्ट्यावर बसल्या, मी आत गेलो.

समितीचे अध्यक्ष धैर्यशीलदादा. त्यांनी दारातच मिठी मारली. "या पावणं, या! मगदूम म्हणजे तुमी जैन न्हवं? मग दिवस मावळल्यावर जेवत नसणार. आवं गणपतराव, सरांचं ताट आधी वाढा. अख्खा मसूर, भाकरी, दही. कांदा-लसणाबिगार हां, मुद्दाम करायला लावलंय. मीटिंग काय, हुईल निवांत."

आता खरं सांगू? दिवस मावळायच्या आत जेवायची ती माझी आई, रत्नाबाई. तिनं हयातभर पाळलं. मी कुठलं पाळतोय! मॅच खेळून परत येताना रात्री स्टँडावर पोरींबरोबर वडापाव हाणणारा गडी मी. एवढंच म्हणायचं होतं, "दादा, मी न्हाय पाळत." पण कसं म्हणणार? शहरातल्या एवढ्या मोठ्या माणसानं आपलं ध्यानात ठेवलं, मुद्दाम रांधून घेतलं. माझा जीव हरखला हो. वाटलं, इथं आपल्याला मान हाय. आणि वाढल्या ताटाला न्हाय म्हणायचं म्हणजे आपल्याकडं समोरच्याच्या तोंडात मारल्यागतच की. गेलो शेजारच्या खोलीत.

गणपतराव समितीतलेच. समोर बसून आग्रह करत होते. "भाकरी घ्या की सर." घेतली. "आवं, मसूर वाढा सरांना." वाढला. मी दोनदा विचारलं, "मीटिंग सुरू झाली न्हाय न्हवं?"

"तुमच्याबिगार कशी सुरू हुईल? लाजू नका, जेवा."

मी भाकरीत दही कालवत होतो तवा पलीकडनं टाळ्या ऐकू आल्या. "चहा आला असंल," गणपतराव म्हणाले. चहा आला म्हणून कोण टाळ्या वाजवतंय? एवढंबी माझ्या टाळक्यात शिरलं न्हाय. उलट आणि एक भाकरी घेतली.

हात धुऊन बाहेर आलो तर राजमंगलचे प्रशिक्षक सयाजी सर पेढे वाटत होते.

"झाली बघा निवड," दादा म्हणाले, अगदी मायेनं. "राजमंगल."

"आणि माझं म्हणणं?"

"तुमी जेवत होता की सर. जेवत्या माणसाला उठवायचं व्हय? मग लिवून टाकलं, मुरगूडकडचे प्रशिक्षक गैरहजर."

माझं डोस्कं सणकलं. "आमी एकबी मॅच हरलो न्हाय! ह्यांनी चार गोल खाल्ले! कशावर निवडलं ह्यांना?"

सयाजी सरांनी पेढ्यांच्या बॉक्सात बघितलं. दादांनी तेवढा माझ्या खांद्यावर हात टाकला. "पोरी तुमच्या लई भारी खेळत्यात, कोण न्हाय म्हणतंय? पण त्यांना बघायला येतंय कोण? रिकाम्या गॅलरीवर करंडक चालत न्हाय सर." मग खिडकीतनं बाहेर बघितलं. "मावळला बघा दिवस. बरं झालं, तुमचं येळेत उरकलं."

सयाजी सरांनी पेढा पुढं केला.

"मी दिवस मावळल्यावर खात न्हाय," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा पाळलं.

फाटकापाशी आलो तर पोरी उठून उभ्या राहिलत्या. पेठेत फटाके लागलेते, त्यामुळं निकाल सांगायची पाळी माझ्यावर आली न्हाय. कुणी रडलं न्हाय. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारपासनं उपाशी होत्या, तोंडं पार उतरलेली. सौंदर्यानं एवढंच विचारलं, "सर, तुमी आत काय काय बोलला? आमचं समदं सांगितलं न्हवं?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि ढेकर आला.

चांगला भरल्या पोटाचा. सगळ्यांनी ऐकला. सौंदर्या माझ्याकडं बघत राहिली, मग खाली वाकून तिनं बुटांची पिशवी उचलली.

"चला गं," ती म्हणाली. "सर जेवल्यात."