चढती रेघ

चारुदत्त सरांनी पनवेलच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं, आणि स्वतःच्या हृदयाचा आलेखही मुलांना सांगत तसाच काढला: टोकदार पेन्सिल, हलका हात, पट्टीशिवाय रेघ नाही.

दर तीन महिन्यांनी त्यांचा इको व्हायचा. पडद्यावर हृदयाच्या स्नायूत बारीक ठिपके दिसत. कॉम्प्युटर त्या ठिपक्यांच्या मागावर राही आणि ठोक्यागणिक स्नायू किती आकसला ते टक्क्यांत सांगे. सरांचे आकडे आले उणे अठरा, मग उणे पंधरा, मग उणे अकरा. उणे अकरा हे उणे अठराहून मोठे, हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. रेघ चढत होती. सरांनी सोसायटीत पेढे वाटले आणि डॉक्टरांची भेट महिनाभर पुढे ढकलली. बंद झालेलं लोणचं पानात परत आलं. सत्ताविसाव्या दिवशी सर गेले.

आता त्यांची पत्नी शशिकलाबाई ती आलेखाची वही घेऊन इको सेंटरला निघाल्या होत्या.

"चढत्या रेघेचा माणूस जातो कसा, एवढंच विचारायचंय," त्या रिक्षात म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या लेकीला, कादंबरीला, उत्तर माहीत होतं. पेढ्यांच्या दिवशीच तिने रिपोर्ट वाचला होता. बाबांना सोमवारी सांगू, असं तिने ठरवलं. त्यानंतर तीन सोमवार येऊन गेले. आता परक्या माणसाने सांगण्याआधी आईला आपण सांगायला हवं होतं. त्यासाठी उड्डाणपूल उतरेपर्यंत वेळ होता. रिक्षा पूल उतरली.

सेंटरमधल्या दिपिकाने सरांची फाईल उघडली. आकड्यांवरून कॉम्प्युटरने रचलेलं त्यांचं हृदय पडद्यावर धडधडू लागलं. एका बाजूने जरा आळशी.

शशिकलाबाईंनी वही पुढे केली. दिपिकाने रेघेवरून बोट फिरवलं.

"काकू, हे उलटं वाचायचं असतं. स्नायू आखूड होतो, म्हणून आकड्याआधी उणे. जेवढं जास्त उणे, तेवढं हृदय दमदार. अठरा बरं होतं."

"म्हणजे ह्यांचं गणित चुकलं?"

"गणित बरोबर होतं," कादंबरी म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं, आई."

"आणि बोलली नाहीस."

"ते पेढे वाटत होते."

"तू खाल्लेस?"

"दोन."

शशिकलाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. हृदय आपलं काम करत होतं.

"लोणचं मी वाढलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी मागितलं नव्हतं."

दिपिकाने विचारलं, प्रिंट हवी का.

"हवी," शशिकलाबाई म्हणाल्या. "वहीत पान शिल्लक आहे."